केशरआत्याचा मांडव

श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनाचं नाव बेलापूर असं आहे. हे कोणी आणि का करून ठेवलं मला ठाऊक नाही, पण एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात ते निस्तरायची पाळी माझ्यावर आली. खरं बेलापूर गाव स्टेशनापासून बरंच लांब, प्रवरेच्या काठी. आम्ही श्रीरामपूरकर वर्षानुवर्षं बेलापूरचं तिकीट काढून श्रीरामपूरला उतरतो आणि आपलं काही चुकतंय असं आम्हाला कधी वाटत नाही. पण माझ्या केशरआत्याला वाटलं. नगरहून गाडीत बसल्यापासून ती खिडकीबाहेर डोळे लावून होती. तिला लिहिता-वाचता फारसं येत नसे, पण आपल्या गावाचं नाव ती कुठंही ओळखायची. पाटी दिसली आणि तिचा चेहरा उजळला.

"आलं गं बाई माजं गाव!"

"आत्या, हे श्रीरामपूर आहे," मी म्हणालो.

"मंग पाटी खोटी हाय व्हय?"

"पाटी खरी आहे. गाव दुसरं आहे."

"राधू, माजा खुबा मोडलाय. डोस्कं न्हाई."

हमालांनी तिला उचलायला हात घातले तर तिनं खिडकीचा गज धरला. बेलापूर आल्यावर मला बेलापूरच्या घरी का नेत नाही, असा तिचा सवाल होता आणि तो बिनतोड होता. स्टेशनमास्तर धावत आले. "आजी, घाबरू नका, हे बेलापूरच आहे," असं सांगून त्यांनी माझी उरलीसुरली बाजूही पाडली. गार्ड शिट्टी तोंडात धरून माझ्याकडे असा बघत होता की जणू मी म्हातारी पळवून आणली आहे. शेवटी मालन, म्हणजे माझी बायको, तिच्या कानाशी वाकली.

"आत्याबाई, आधी आमच्याकडं पाय धड करू. मग तुम्ही आपल्या पायांनी तुमच्या घरात शिरायचं. कोणी उचलून न्यायचं नाही."

आत्यानं गज सोडला.

ही केशरआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, नवरा जाऊन जमाना झाला. बेलापुरात स्वतःचं घर, थोडी जमीन, एक म्हैस, आणि साऱ्या आळीला पुरून उरेल असं तोंड, एवढ्यावर तिचा संसार जोरात चालला होता. कडब्याच्या गंजीवर चढून पेंढ्या खाली टाकताना एका पेंढीबरोबर तीही खाली आली आणि खुबा मोडला. नगरच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, हाडात पोलादी खिळा बसवला. सगळं उत्तम झालं. अडलं ते सोडायच्या दिवशी.

"आता यांना घरी न्यायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाले. "पण कोणाच्या घरी?"

आत्याचा पुतण्या गहिनीनाथ तिथंच उभा होता. हा तिच्या दिराचा मुलगा. बेलापुरात दोघांची भिंतीला भिंत.

"आमच्याकडंच की डाक्टर," तो म्हणाला. "कोपऱ्यात खाट टाकतो. पडून ऱ्हाईल. काकीला आता वायलं घर कशापायी पायजे?"

आत्या भिंतीकडे तोंड करून पडली होती. केशरआत्या ऐकून घेते आणि बोलत नाही, हा प्रकार मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.

"पडून राहिल्या तर मग उठणारच नाहीत," डॉक्टर म्हणाले. "महिना-दीड महिना कोणी रोज उभं केलं, चालवलं, पायरी चढवली, तर एकट्या राहू शकतील. नाहीतर यांच्या कोपऱ्यात जाऊ देत. पण हे करणार कोण?"

"मी," मी म्हणालो.

मालननं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला बारा वर्षं झालेल्या बायकोनं तसं पाहिलं की नवरे सहसा शब्द मागे घेतात. पण मी पाटबंधारे खात्यात ट्रेसर आहे. कालव्यांचे नकाशे माझ्या हातून गिरवले जातात. पाणी चढावर जात नाही, एवढी एक अडचण सोडली तर आमच्या खात्याला अशक्य असं काही नाही. मैलोगणती पाणी जिथं पाहिजे तिथं नेणारा माणूस एका आत्याला बेलापूरपर्यंत नेऊ शकणार नाही, हे मला पटेना.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते नकाशाचं. डॉक्टरांनी या सगळ्याला एक लांबलचक इंग्रजी शब्द वापरला होता, त्याचं मराठी मी केलं 'पुनर्वसन'. आमच्या खात्यात माणसांना घरातून उठवून दुसरीकडे नेतात त्याला पुनर्वसन म्हणतात. इथं माणसाला परत घरी न्यायचं होतं. काम उलटं होतं, पण शब्द तयार होता. ट्रेसिंगच्या कापडावर मी आमच्या दोन खोल्या, अंगण, गल्ली, सगळं मापात काढलं, त्यावर आत्याचा मार्ग लाल शाईनं दाखवला आणि भिंतीला लावला. आत्यानं खाटेवरून तो नीट पाहिला.

"ह्यो कोन्चा पाट?"

"हा तू चालायचा रस्ता."

"लाल हाय त्ये रगत का?" ती म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

पहिली अडचण आली ती चारचौघांत सांगण्यासारखी नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आत्याला उकिडवं बसायची मनाई होती. तेव्हा मधोमध भोक पाडलेली खुर्ची हवी होती, तिच्याखाली भांडं ठेवता येईल अशी. आमचे घरमालक आबासाहेब समोरच्या ओळीत, दोन घरं खाली राहत. कुठल्याशा खात्यातून रिटायर झाल्यापासून ते सल्ल्यावर जगत. ते सुताराला, श्रीमंतला, घेऊनच आले. श्रीमंत हा दाराच्या चौकटी करणारा सुतार. आपण केलेल्या चौकटीला पिढ्यान्‌पिढ्या कोणी नाव ठेवलेलं नाही, हे तो दर वाक्याला सांगे. त्यानं माझी जुनी भक्कम खुर्ची नेली आणि संध्याकाळी परत आणली. भोकातून रांजण आरपार जावा, एवढं ते भोक होतं.

"माप कोणाचं घेतलंस?" मी विचारलं.

"आबासायबांचं. ते हुतेच तितं बसलेले."

आबासाहेब हे वजनदार गृहस्थ. आत्या म्हणजे वाळलेली तुरीची काडी. मग भोकावर ठेवायला श्रीमंतनं एक लाकडी कडं केलं, ते लावलं की खुर्ची आत्याच्या मापाची व्हायची. ही तात्पुरती तजवीज होती. माझ्या खात्यात तात्पुरत्या तजविजी धरणांपेक्षा जास्त टिकतात, हे मी विसरलो नव्हतो.

दुसरी अडचण, चालायला आधार. मी औषधाच्या दुकानात जाऊन चौकशी केली. दुकानदारानं मला काठी दाखवली, मग दुसरी काठी दाखवली, आणि तिसरी दाखवायला लागला तेव्हा मी निघालो. घरी येऊन मालनला म्हणालो, "चार पायांचा, पुढं ढकलत न्यायचा असा काहीतरी आधार पाहिजे."

"आपल्या पोरांना चालायला शिकवलं तेव्हा काय आणलं होतं?" मालन भांडी घासता घासता म्हणाली.

पांगुळगाडा! पोरं सुट्टीत आजोळी गेली होती, पण त्यांचा पांगुळगाडा माळ्यावर होता. मी तो खाली काढला, मापं घेतली, सगळी मापं वाढवली आणि केशरआत्याच्या उंचीचा पांगुळगाडा कापडावर काढून श्रीमंतच्या हाती दिला. असा नकाशा आपल्या हातून आजवर उतरला नव्हता, असं मला प्रामाणिकपणे वाटलं. श्रीमंतलाही काम आवडलं. त्यानं चाकं जुन्या हातगाडीची बसवली आणि धुऱ्यांना इतकं तेल पाजलं की फुंकर मारली तरी गाडा सरके.

तो गाडा गल्लीतून माझ्या घरी आला तेव्हा दारोदारी बायका बाहेर आल्या. "एवढं मोठं लेकरू कुणाचं?" असं एकीनं विचारलं. मी लक्ष दिलं नाही. नव्या यंत्राचं असं होतंच.

आत्यानं गाडा पाहिला आणि डोळे मिटून घेतले. "म्या काय तान्ही हाय?"

"आत्या, आधी मी चालून दाखवतो," मी म्हणालो. यंत्राची चाचणी आपण स्वतः घ्यायची, लोकांवर घ्यायची नाही, हे माझं तत्त्व. मालननं आणि शेजारणीनं आत्याची खाट दाराशी ओढली, तिला उशांवर टेकवून बसवलं. मी गल्लीत गाड्याच्या मागं उभा राहिलो, दोन्ही हातांनी दांडी धरली आणि संथपणे पाऊल टाकलं.

आमची गल्ली कालव्याच्या बाजूला उतरती आहे. ही गोष्ट माझ्या नकाशात होती. उतार किती ते कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं. पण नकाशातला उतार आणि पायाखालचा उतार यांत जो फरक असतो तो मला त्या दिवशी कळला. गाडा निघाला. मी सोडला असता तर कोणाच्या तरी अंगावर गेला असता, म्हणून सोडला नाही. आणि धरून ठेवला म्हणून मीही निघालो. शेजारच्या काकू "अहो अहो" म्हणाल्या तोवर मी पुढच्या दारापाशी होतो. आबासाहेबांच्या सौभाग्यवतींनी अंगणापुढं बाजांवर कुरडया वाळत घातल्या होत्या, वर्षभराच्या. पहिली बाज चुकली. दुसरी चुकली नाही.

मी ओल्या कुरडयांतून उठलो. एक कुरडई कानावर होती. आबासाहेबांच्या सौभाग्यवती ज्या शब्दांत बोलल्या त्यांतले काही मला नव्यानं कळले. मी मान ताठ ठेवून घराकडे वळलो आणि तेवढ्यात एक आवाज ऐकला. आत्या हसत होती. पोटावर हात धरून, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती. अपघातानंतर ती पहिल्यांदाच हसली.

"आरं राधू," तिला धड बोलता येईना, "तू मला चालिवनार? तुलाच कुनी धरायला पायजे!" आणि मग डोळे पुसून म्हणाली, "ये हिकडं. उबी कर मला. त्यो गाडा मात्र लांब ठेव."

त्या दिवशी ती माझ्या आणि मालनच्या खांद्यावर हात टाकून उभी राहिली. पाय थरथरत होते, कपाळाला घाम आला होता, पण खाली बस म्हटलं तर बसेना. माझ्या मते चाचणी यशस्वी झाली होती. कुरडयांचा चीक पुन्हा मालनला शिजवून द्यावा लागला, तो भाग वेगळा.

आता धरून चालायला काहीतरी पक्कं, न पळणारं हवं होतं. घरात जागा नव्हती. आबासाहेब म्हणाले, "अहो राधाकृष्णराव, गल्लीत बांबू रोवा की. दोन्ही बाजूंना आडवे बांबू बांधा, मधून बाई चालतील. डावा हात इकडं, उजवा तिकडं." सल्ला चांगला होता आणि याचा मला थोडा रागच आला. आम्ही बांबू रोवले. आत्या मधून चालू लागली. पण वैशाखातलं ऊन! मालननं वर दोन जुनी लुगडी बांधली, आबासाहेबांनी एक सतरंजी दिली. आत्याला सावली झाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेचा मुकादम आला.

"मांडव कुनाचा?" त्यानं विचारलं.

"मांडव नाही. हे चालायला केलेलं आहे."

मुकादमानं खालून वरून पाहिलं. "चार बांबू, वर कापड. मांडव हाय. परवाना?"

परवाना घ्यायला मी रजा टाकून कचेरीत गेलो. तिथला कारकून माझ्यासारखाच सरकारी माणूस, त्यामुळे आमचं एकमेकांना लगेच कळलं आणि काम मात्र होईना.

"कारण काय लिहू?" त्यानं विचारलं. "लग्न, मुंज, सत्यनारायण, जाहीर सभा?"

"आत्याला चालवणे."

"तसं लिहायचं झालं तर साहेबांना विचारावं लागेल. साहेब मुलीच्या लग्नाला गेलेत, महिनाअखेर येतील."

"तोवर आत्याचा पाय आखडेल हो!"

मी त्याला सगळं सांगितलं. गंजी, खुबा, खिळा, गहिनीनाथचा कोपरा. कारकून ऐकत राहिला. त्याची आई आदल्या वर्षी अशीच पडली होती, असं तो म्हणाला. मग त्यानं दौतीत टाक बुडवला आणि झोकदार अक्षरात लिहिलं, 'मंगल कार्य, केशरबाई यांचे'.

"हे खोटं नाही ना?" मी विचारलं. सरकारी कागदावर खोटं लिहिलेलं मला चालत नाही.

"भाऊसाहेब, म्हातारं माणूस उठून चालायला लागतं, हे मंगल नाही तर काय?" तो म्हणाला. "फक्त हे बांबूवर सगळ्यांना दिसेल असं चिकटवा. नियम आहे."

मी चिकटवलं. आणि तिथून सगळं माझ्या हाताबाहेर गेलं.

संध्याकाळी मागच्या गल्लीतले शांतवन मास्तर आले. हे बँड पथकाचे मालक. पिपाणीवर त्यांचा हात तालुक्यात कोणी धरत नसे. ऐन लग्नसराईत मांडव पडला आणि आपल्याला सुपारी नाही, म्हणून ते जरा नाराज होते. मी त्यांना मांडवाचा खरा अर्थ समजावला. तेवढ्यात आत्या बांबू धरून चालत आली. शांतवन मास्तर तिच्या पायांकडे बघत राहिले.

"मावशींचा पाय ठेक्यात पडत नाही," ते म्हणाले. "डावा रेंगाळतो. ठेका दिला तर सुधारेल."

"मी डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे..." मी सुरुवात केली.

"तुमचं चालू द्या. आमच्या पथकाला सरावाला सावलीची जागा नाही. इथं बसून आम्ही आमचं वाजवू, मावशी त्यांचं चालतील."

आबासाहेबांनी परस्पर होकार देऊन टाकला. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ मांडवात बँड वाजू लागला. ढोलावर पहिली थाप पडली तशी आत्या दचकली, दुसऱ्या थापेला तिनं पाऊल टाकलं, तिसऱ्याला डावा पाय आपणहून पुढं आला. मी नकाशात 'हळूहळू प्रगती' असं लिहिलं होतं. इथं प्रगती वाजतगाजत होत होती. आत्या केस नीट विंचरून, नेसूचं लुगडं बदलून मांडवात यायची. चालताना एका बांबूवरचा हात सोडायची, मग दुसऱ्यावरचा जरासा उचलायची, आणि शांतवन मास्तरांना ओरडून सांगायची, "जरा दमानं वाजवा की, माजा नवरा बी येवडं पळवत नव्हता मला!" गल्लीतल्या बायका कामं उरकून बघायला बसायच्या. आबासाहेबांच्या सौभाग्यवतींनी एकदा आत्याला पन्हं आणून दिलं. मलाही दिलं, पण नंतर.

ऑफिसात माझी अवस्था वेगळी होती. तिथं सगळे मला 'पांगुळगाडा' म्हणू लागले होते. मी ते मनावर घेतलं नाही. घेतलं, पण दाखवलं नाही.

आता गल्लीत मांडव आहे, बांबूवर 'मंगल कार्य, केशरबाई यांचे' असं लिहिलंय, बँड वाजतोय आणि मधून नटूनथटून एक बाई चालतेय, हे दृश्य रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला कसं दिसेल, याचा मी विचार केला नव्हता. बेलापूरची एस.टी. आमच्या कोपऱ्यावरून जाते. बेलापूरची माणसं खिडकीतून बघतात. बघितलेलं गावात जाऊन सांगतात.

एका दुपारी गहिनीनाथ आमच्या अंगणात येऊन थडकला. उन्हातून धावत आलेला, फेटा सुटलेला, श्वास लागलेला.

"नवरदेव कोन हाय?" तो ओरडला.

"कसला नवरदेव?" मी विचारलं.

"समदं गाव बोलतंय! काकीनं सिरामपुरात लगीन लावलं. बँडवाला हाय म्हनं! ह्या वयात! आन्‌ घराचं काय, जमिनीचं काय? त्यो बँडवाला ऱ्हायला येनार का बेलापूरला?"

"अहो गहिनीनाथ, बसा, पाणी घ्या..."

एवढं मी म्हणालो, हे खरं. पण ज्या खुर्चीवर तो बसला ती मी दाखवली नव्हती. मालननं त्या दिवशी खुर्ची धुऊन उन्हात ठेवली होती, लाकडी कडं काढून बाजूला वाळत घातलं होतं आणि वर ओली चादर पसरली होती. गहिनीनाथ धापा टाकत त्या चादरीवर बसला आणि चादरीसकट आत गेला. आबासाहेबांच्या मापाच्या भोकात तो पार काखेपर्यंत उतरला. वर फक्त डोकं, हात आणि गुडघे राहिले. उठायला गेला की खुर्चीही उठायची.

मी आणि मालननं एकेक हात धरून ओढलं. तो बोंबलला. मांडवातला बँड थांबला. सगळी गल्ली अंगणाच्या दाराशी आली आणि दाराशी येऊन मग बाजूला झाली, कारण मागून आत्या येत होती.

मांडवापासून अंगणापर्यंत बांबू नव्हते. धरायला काही नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी धावणार होतो, पण मालननं माझी बाही धरली. आत्याच्या हातात नुसती काठी होती. एक पाऊल, मग काठी, मग दुसरं पाऊल. डावा पाय जरा घासत, पण येत. ती उंबऱ्याशी थांबली, चौकटीला हात लावला आणि पायरी चढली. अंगणातून चालत येऊन ती गहिनीनाथच्या पुढ्यात उभी राहिली. कोणी टाळी वाजवली नाही. कोणाला सुचलंच नाही.

"काय रं गहिन्या," ती म्हणाली. "ऊठ की."

"उठता येईना, काकी."

"मंग पडून ऱ्हा. कोपऱ्यात ढकलू का?"

चालणारी काकी बघून गहिनीनाथचे डोळे मोठे झाले होते, आणि मला वाटतं त्यात थोडी लाजही होती. माणूस वाईट नव्हता. फक्त दुसऱ्याचं रिकामं घर दिसलं की त्याला धीर निघत नसे.

"माज्या घरात काय ठिवलंस?" आत्यानं विचारलं.

"कुटं काय..."

"खरं सांग. म्हशीला बगायला किल्ली दिली हुती तुला. बेलापूरची मानसं मलाबी भेटत्यात."

"कांदं," गहिनीनाथ पुटपुटला. "माजघरात. थोडं सोप्यातबी."

"कवा काढतूस?"

"आदी मला काढा की!"

श्रीमंतला बोलावणं गेलं. तो करवत घेऊन आला, खुर्चीभोवती एक फेरी मारली आणि गंभीरपणे विचारलं, "खुर्ची वाचवायची का मानूस?"

"खुर्ची," आत्या म्हणाली. मग हसली आणि म्हणाली, "काप बाबा. लेकरू हाय आमचं."

खुर्ची कापताना श्रीमंतच्या डोळ्यांत पाणी होतं. आपल्या हातचं काम कोणी असं कापलेलं नाही, असं तो नंतर कितीतरी दिवस सांगत होता.

महिनाअखेर आम्ही तिला नगरला तपासणीला नेलं. डॉक्टरांनी तिला उठवलं, बसवलं, चालवलं, जिना चढायला लावला. मी नकाशाची गुंडाळी काढून उभा होतो. पद्धतशीर माहिती द्यायची तयारी होती. डॉक्टरांनी तिकडे पाहिलंच नाही.

"आजी, एवढं कसं केलंत?" त्यांनी विचारलं.

"बँड लावून," आत्या म्हणाली.

डॉक्टर हसले आणि माझ्याकडे वळले. "यांना घरी जाऊ द्या. काठी सोडायची नाही, खाली बसायचं नाही, गंजीवर चढायचं नाही."

खाली बसायचं नाही म्हणजे चुलीपुढं बसायचं नाही. याचा मी आधीच विचार करून ठेवला होता. उभ्यानं स्वयंपाक करता येईल असा उंच ओटा, त्यावर चूल. त्याचा नकाशा मी गहिनीनाथच्या हाती दिला होता, कांदे काढायला गेला तेव्हाच. बांधतो म्हणाला होता. बांधेल याची मला फारशी खात्री नव्हती.

जायच्या दिवशी आम्ही मांडव उतरवला. शांतवन मास्तरांनी वाजवत एस.टी.पर्यंत सोडायची तयारी दाखवली, पण आत्या म्हणाली, "नगं. आनखी एक लगीन लागंल माजं." बेलापूरला उतरून ती भर रस्त्यानं काठी टेकत घराकडे निघाली. वाटेत जो भेटे तो थांबे, ती मात्र थांबेना. आपल्या दाराशी आली, कडी काढली, चौकट धरली आणि पाय आत टाकला.

घरभर कांद्याचा वास होता, पण कांदे नव्हते. गोठ्यात म्हैस होती. स्वयंपाकघरात विटांचा ओटा होता, मातीनं लिंपलेला, वर चूल. बांधणारा मात्र शेजारच्या घरातून बाहेर आला नाही. आत्या ओट्यापुढं उभी राहिली. त्यावर दोन्ही हात ठेवून तिनं उंची बघितली, कोपर वाकवून बघितलं.

"आत्या, आजची रात्र आम्ही राहतो," मी म्हणालो.

"कशाला?"

"रात्री काही लागलं तर..."

"लागलं तर म्या हाय की." ती आमच्या पिशवीकडे बघत म्हणाली, "जा आता. शेवटची गाडी चुकंल. पोरी, तू लई केलंस माजं." तिनं मालनच्या तोंडावरून हात फिरवला. माझ्याकडे बघून नुसतं "जा" म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

मी बाहेर उभा राहिलो. दीड महिना राबलेल्या माणसाला, कुरडयांत लोळलेल्या माणसाला, ज्याला ऑफिसात काय काय ऐकून घ्यावं लागलं अशा माणसाला, चहासुद्धा नाही. मालन म्हणाली, "चला." मी दोन पावलं गेलो आणि समोरच्या लिंबाच्या झाडाआड थांबलो. पडली तर? ओट्याशी तोल गेला तर?

"अहो, गाडी," मालन म्हणाली.

"जरा थांब."

ती थांबली. मग तीही झाडाआड आली. आतून आधी काही ऐकू येईना. मग भांड्याचा आवाज आला. मग धुराचा वास. थोड्या वेळानं दार उघडलं आणि आत्या काठी टेकत बाहेर आली, दुसऱ्या हाताच्या बगलेत कडब्याची पेंढी. गोठ्यापाशी गेली, पेंढी म्हशीपुढं टाकली, तिच्या पाठीवर थाप मारली, तिच्याशी काहीतरी भांडली. परत फिरताना ती लिंबाकडे तोंड करून थांबली.

"राधू," ती म्हणाली. "गाडी चुकली का?"

लांबून एस.टी.चा आवाज आला आणि तसाच लांब गेला.

"हो, आत्या," मी म्हणालो.

"मंग झाडामागं काय करताय दोगं? या आत. तवा तापलाय."

आम्ही आत गेलो. आत्या ओट्यापुढं उभी राहून भाकरी थापत होती, पाठ ताठ, काठी भिंतीला टेकलेली. चुलीच्या उजेडात तिचा चेहरा लाल दिसत होता. पहिली भाकरी तिनं माझ्या ताटात टाकली.

"ओटा बरा हाय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "मापात हाय."

केशरआत्याच्या तोंडून कोणत्याही पुरुषाबद्दल याहून मोठा शब्द निघाल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही. मालन माझ्याकडे बघून हसत होती. मी घाईघाईनं खाली मान घातली आणि आणखी एक भाकरी मागितली.